ग्रेनाडांतील न्यू ज्युवेल पक्ष

वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा हा जायफळाविषयीं प्रसिद्ध असलेला देश अवघा ३४४ चौरस किलोमीटरांचा. मार्च १९७३ मध्यें मॉरिस बिशप व युनिसन व्हाइटमन यांच्या संघटना एक होऊन तेथें ‘न्यू ज्युवेल मूव्हमेंट’ हा लहानसा समाजवादी पक्ष जन्मास आला. गांवोगांवच्या सभांनीं राज्यकारभार चालवावा, हें त्याचें मूळ तत्त्व.

१९७४ सालीं ब्रिटिश अंमल संपला. परंतु पंतप्रधान एरिक गेरी यांची ‘मंगूस गँग’ नांवाची टोळी विरोधकांस मारझोड करी. शेवटीं १३ मार्च १९७९ रोजीं पक्षानें सशस्त्र उठाव करून सत्ता घेतली व बिशप पंतप्रधान झाले.

नव्या सरकारनें प्रौढांसाठीं साक्षरतेचे वर्ग काढले आणि क्यूबाच्या साहाय्यानें विमानतळ बांधण्यास घेतला. मात्र त्यानें निवडणूक घेतली नाहीं, विरोधी वृत्तपत्र बंद केलें व कित्येकांस चौकशीवांचून तुरुंगांत ठेविलें.

१९८३ सालीं मध्यवर्ती समितीनें बिशप व बर्नार्ड कोर्ड यांचें संयुक्त नेतृत्व ठरविलें. बिशप यांनीं फेरविचार मागतांच त्यांस घरींच कैद केलें. १९ ऑक्टोबर रोजीं हजारों लोकांनीं त्यांस सोडविलें. पण त्याच दिवशीं सैनिकांनीं बिशप, व्हाइटमन व इतर सहकाऱ्यांस किल्ल्यांत गोळ्या घातल्या. २५ रोजीं अमेरिकन सैन्य उतरलें. पुढें २००९ मध्यें त्या विमानतळास बिशप यांचें नांव मिळालें.

विद्यार्थिमित्रांनो, ग्रामसभांची महती गाणाऱ्या या पक्षानें आपला सर्वांत मोठा प्रश्न बंद दाराआड मूठभरांवर सोंपविला. इतरांचें तोंड बंद करणाऱ्यांस अखेर आपसांतही बोलून निर्णय करतां येत नाहीं, हाच या इतिहासाचा बोध होय.