दोन सुट्ट्या आणि तीन वाटा

प्रस्तावना

सहल म्हटले की मन आनंदून जाते. परंतु हाती दिवस थोडे आणि पैसे मोजके असले की प्रश्न पडतो : जावे कोठे? प्रसिद्ध स्थळ निवडले म्हणजे निवड योग्यच झाली, असे नसते. बेंगळूरुहून हिवाळ्यात करावयाच्या रेल्वेसहलीचे उदाहरण घेऊन अशी निवड कशी करावी, ते या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
- अंतर, ऋतू व माणसांची गरज यांचा एकत्र विचार करता येईल;
- रेल्वे आरक्षणाविषयीची आवश्यक माहिती सांगता येईल;
- बेंगळूरु व तंजावर यांचा मराठी इतिहासाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

समजा, बेंगळूरुत कारखान्यात काम करणारे एक मराठी कुटुंब आहे : पती, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि गावाहून आलेली आजी. आजीचे गुडघे दुखतात. ती उतारवयात साक्षरता वर्गात जाऊन मराठी वाचावयास शिकली आहे. बेंगळूरुतील पाट्या कन्नड व इंग्रजीत असल्यामुळे आपण पुन्हा निरक्षर झालो, असे तिला वाटते. कुटुंबाला शनिवार व रविवार अशा दोन सुट्ट्या आहेत. समोर तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हैसूरची. हे अंतर सुमारे १४० किलोमीटर असून वेगवान गाडी दोन-अडीच तासांत तेथे पोहोचते. दिवसभरात गाड्याही पुष्कळ असतात. वाटेत श्रीरंगपट्टण लागते; १७९९ मध्ये टिपू सुलतान तेथेच लढताना मारला गेला. मात्र प्रत्येक जलद गाडी श्रीरंगपट्टणला थांबत नाही. म्हैसूरचा जुना राजवाडा १८९७ मध्ये जळाला. आजचा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. रविवारी संध्याकाळी तो दिव्यांनी उजळतो. सकाळी जाऊन रात्री परतता येत असल्याने ही सर्वांत सोपी व कमी खर्चाची वाट होय.

दुसरी वाट हंपीची. रात्री बेंगळूरुहून निघालेली गाडी सकाळी होस्पेटला पोहोचते. तेथून हंपी सुमारे १३ किलोमीटर आहे. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या विजयनगरच्या साम्राज्याची ही राजधानी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झाली. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवरील दगडी रथ येथील विठ्ठल मंदिराच्या आवारात आहे. उन्हाळ्यात येथील खडक तापतात, म्हणून हिवाळाच योग्य. परंतु अवशेष दूरवर पसरलेले आहेत. चालणे व चढउतार पुष्कळ. तरुणांना हे सोपे असले, तरी आजीला ते झेपेल का?

तिसरी वाट तंजावरची. म्हैसूरहून बेंगळूरुमार्गे जाणारी गाडी संध्याकाळी बेंगळूरु सोडते आणि होसूर, सेलम, इरोड, तिरुचिरापल्ली या मार्गाने पहाटे तंजावरला पोहोचते. म्हणजे शुक्रवारी निघावे, शनिवारी शहर पाहून तेथे मुक्काम करावा आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परतावे. दोन रात्री प्रवासात जातात आणि सोमवारी सकाळी कामावर जावे लागते.

मग इतक्या दूर जावे कशासाठी? शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळूरुची जहागीर मिळाली होती. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी पुढे तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. ते १८५५ पर्यंत टिकले. बेंगळूरु मात्र १६८७ मध्ये मोगलांनी घेतले व ते म्हैसूरच्या वडियार राजांकडे गेले. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. तेथे संस्कृत व तमिळ ग्रंथांसोबत मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रेही आहेत. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ मुलखात, घरापासून इतक्या दूर, आजीला आपल्या भाषेतील अक्षरे ओळखता येतील. अक्षरांचे वळण जुने असल्याने सर्व मजकूर समजणार नाही. तरी हा आनंद पैशांत मोजता येणार नाही.

येथे ऋतूचा प्रश्न येतो. बेंगळूरुत डिसेंबर महिना कोरडा व थंड असतो. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. म्हणून तंजावरला जानेवारीत जावे. जानेवारीच्या मध्यास पोंगल असल्याने गाड्यांना गर्दी होते. ते दिवस टाळावेत.

या विचाराअंती कुटुंबाने ठरविले : डिसेंबरात एका रविवारी म्हैसूर पाहावे, तंजावरला जानेवारीच्या अखेरीस, सोमवारची एक रजा जोडून जावे, हंपी पुढील वर्षासाठी ठेवावी. कोणतीही वाट वाईट नव्हती. कोणती वाट कोणासाठी व केव्हा, एवढेच ठरवायचे होते.

तिकीट काढण्यापूर्वी

१. स्थानक नीट वाचा. बेंगळूरुच्या गाड्या केएसआर बेंगळूरु, यशवंतपूर, सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल अशा वेगवेगळ्या स्थानकांवरून सुटतात.

२. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. हा नियम १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला.

३. रेल्वेचे घड्याळ २४ तासांचे असते. शनिवारी रात्री बारानंतर १५ मिनिटांनी सुटणारी गाडी ००.१५ ची, म्हणून रविवारच्या तारखेची असते.

४. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली. खालच्या बर्थची सोय मात्र आहे. अर्जात वय अचूक लिहावे.

५. वेळापत्रक बदलू शकते. निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर चौकशी करावी.

पाठगत प्रश्न

१. हंपीची सहल आजीसाठी अवघड का होती?
२. तंजावरला डिसेंबरऐवजी जानेवारीत जाणे योग्य का?
३. योग्य पर्याय निवडा : बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख कोरला गेला – (अ) १०१० मध्ये (आ) १६३८ मध्ये (इ) १८०३ मध्ये.

शब्दार्थ

जहागीर – सेवेबद्दल उत्पन्नासाठी दिलेला मुलूख
उद्ध्वस्त – पूर्णपणे नष्ट झालेले
हस्तलिखित – हाताने लिहिलेला ग्रंथ

तुम्ही काय शिकलात?

निवड करताना स्थळाच्या कीर्तीइतकाच वेळ, ऋतू, खर्च आणि सोबतच्या माणसांची प्रकृती व आवड यांचा विचार करावा लागतो. जे आज जमत नाही, ते सोडून न देता योग्य वेळेसाठी राखून ठेवता येते.

स्वाध्याय

१. ‘आजीसाठी तंजावरच का?’ याचे उत्तर आठ-दहा ओळींत लिहा.
२. तुमच्या गावाजवळील रेल्वेस्थानकावरून दोन दिवसांत जाऊन येण्याजोगी तीन ठिकाणे निवडा. अंतर, ऋतू व खर्च यांची तुलना करून त्यांपैकी एक का निवडाल, ते सकारण लिहा.