शब्दांची ओळख : प्रोबेशन



"पोरगं प्रोबेशनवर आहे" म्हटलं की गावात दोन अर्थ निघतात. एक म्हणतो नोकरी लागली, दुसरा म्हणतो कोर्टातून सुटला. दोन्ही अर्थ खरे आहेत. म्हणून हा शब्द आपण नीट समजून घेऊ.

मूळ शब्द लॅटिन 'प्रोबारे'. अर्थ, पारखणे. उसाची नवी जात आपण आधी चार गुंठ्यांत लावून बघतो, तसंच हे. मराठीत याला परिवीक्षा म्हणतात. नोकरीत ठराविक मुदत काम पाहून मग कायम करतात. मुदत संपली म्हणजे कायम झालो, असे धरून बसू नये. नेमणूकपत्रातील अटी वाचाव्यात आणि कायम केल्याचा लेखी हुकूम मागून घ्यावा.

कोर्टातील प्रोबेशनची सुरुवात अमेरिकेतील बोस्टन शहरी झाली. १८४१ साली जॉन ऑगस्टस या बूट बनविणाऱ्या कारागिराने एका दारुड्याला जामीन राहून सोडविले. तीन आठवड्यांनी तो माणूस सुधारून कोर्टापुढे उभा राहिला.

आपल्याकडे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास न्यायालय चांगल्या वर्तनाच्या हमीवर, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी, सोडू शकते. हमी मोडली तर शिक्षा होते. पाळली तर दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता कलम १२ प्रमाणे लागत नाही.

तेव्हा बांधाच्या भांडणात सापडलेल्या एखाद्या पोराला 'जेलचा' म्हणून हिणवू नका. न्यायालय त्याला पारखत असताना आपण चावडीवर निकाल कशाला द्यायचा?