न पाहिलेला किनारा : टर्नरचे एक निसर्गचित्र

प्रस्तावना

चित्र म्हणजे डोळ्यांना जे दिसले त्याची रंगांतील नोंद, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु चित्रकाराने स्वतः कधीही न पाहिलेल्या प्रदेशाचे चित्र काढले, तर त्या चित्राला खरे म्हणावे की खोटे? इंग्लंडमधील एका तरुण चित्रकाराने इटलीच्या समुद्रकिनाऱ्याचे असेच एक चित्र काढले होते. प्रस्तुत पाठात आपण त्या चित्राचा आणि त्यात दिसणाऱ्या भूमीचा परिचय करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला–
• निसर्गचित्राच्या रचनेतील अग्रभाग, मध्यभाग व पार्श्वभूमी ओळखता येतील;
• बायाए या प्राचीन नगराचे महत्त्व सांगता येईल;
• भूमीच्या हालचालींचा तेथील लोकजीवनावर झालेला परिणाम स्पष्ट करता येईल;
• कलेतील सत्याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. उष्णोदकांचे नगर

इटलीतील नेपल्स शहराच्या पश्चिमेस पोत्सुओलीचे आखात आहे. या आखाताच्या काठी बायाए हे नगर वसले होते. हा सारा प्रदेश ज्वालामुखीचा. भूगर्भातील उष्णतेमुळे येथे गरम पाण्याचे झरे आणि वाफेचे स्रोत जागोजागी आढळत. रोमन लोकांनी या पाण्याभोवती भव्य स्नानगृहे उभारली. व्याधिग्रस्त लोक आरोग्यासाठी येत, तर धनिक विलासासाठी. सम्राटांचे प्रासादही येथे होते. सम्राट हेड्रियन याचा मृत्यू इ. स. १३८ मध्ये येथेच झाला. तत्त्वज्ञ सेनेका याला मात्र हे नगर दुर्गुणांचे माहेरघर वाटे.

तेथील एका स्नानगृहाचा घुमट आजही उभा आहे. त्याचा व्यास सुमारे २१ मीटर आहे. पुढील काळातील लोकांना ते देवालय वाटले. म्हणून त्याला ‘मर्क्युरीचे मंदिर’ असे नाव पडले.

२. चित्राचा जन्म

अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत तरुण शिक्षणाचा भाग म्हणून इटलीचा प्रवास करीत. प्राचीन अवशेष पाहावेत, रेखाटने करावीत आणि चित्रे विकत घेऊन परतावे, अशी प्रथा होती. जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) हा एका केशकर्तनकाराचा मुलगा. असा प्रवास त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. शिवाय फ्रान्सशी युद्ध सुरू असल्यामुळे युरोपचा प्रवासही कठीण झाला होता. त्यामुळे टर्नरला इटली प्रथम भेटली ती कागदावर. डॉ. टॉमस मन्रो यांच्या घरी तो इटलीच्या दृश्यांच्या नकला करीत असे. रिचर्ड विल्सन या ज्येष्ठ चित्रकाराच्या निसर्गचित्रांचाही त्याच्यावर प्रभाव पडला होता.

सर रिचर्ड कोल्ट होर या विद्याव्यासंगी जमीनदाराने इटलीत असताना एव्हर्नस सरोवराचे रेखाटन केले होते. त्या रेखाटनाच्या आधारे टर्नरने १७९८ च्या सुमारास ‘ईनियस आणि सिबिल, एव्हर्नस सरोवर’ हे तैलचित्र रंगविले. आज ते लंडनच्या टेट या कलासंग्रहात आहे.

३. चित्र कसे पाहावे?

निसर्गचित्र पाहताना नजर जवळून दूर नेत जावी. या चित्राच्या अग्रभागी काही लहान मानवी आकृती आहेत. ईनियस हा ट्रॉयचा वीर. त्याला पाताळात जाऊन आपल्या मृत पित्याला भेटायचे आहे. सिबिल ही भविष्य सांगणारी स्त्री त्याला मार्ग दाखविते. त्यासाठी सोनेरी फांदी सोबत असणे आवश्यक असते. ही कथा व्हर्जिल या रोमन कवीच्या ‘ईनिड’ या महाकाव्यातील आहे. एव्हर्नस सरोवर हेच पाताळाचे द्वार, अशी प्राचीन लोकांची श्रद्धा होती.

मध्यभागी सरोवराचे शांत पाणी पसरले आहे. हे सरोवर म्हणजे वस्तुतः ज्वालामुखीचे जुने मुख. त्यापलीकडे, पार्श्वभूमीत, बायाएचा किनारा आणि समुद्र धूसर होत जातात. पाताळाच्या दाराचे हे चित्र. पण त्यात भय कोठेच नाही! सगळीकडे सौम्य, उबदार प्रकाश आहे. मृत्यूची कथा आणि प्रसन्न निसर्ग यांचा हा मेळ हेच या चित्राचे वैशिष्ट्य होय.

४. खचणारी आणि उचलली जाणारी भूमी

चित्रातील भूमी शांत दिसते. प्रत्यक्षात ती तशी नाही. १५३८ मध्ये सरोवराजवळ उद्रेक होऊन अवघ्या आठवडाभरात एक नवा डोंगर तयार झाला. त्याला ‘मोंते नुओवो’, म्हणजे ‘नवा डोंगर’, असेच म्हणतात. याशिवाय येथील जमीन संथपणे खाली-वर होत असते. पोत्सुओली येथील रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब याची साक्ष देतात. त्यांच्यावर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्रातील शिंपल्यांच्या प्राण्यांनी पाडलेली छिद्रे आहेत. म्हणजेच हे खांब एकदा पाण्यात बुडाले आणि पुन्हा वर आले. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी १८३० मध्ये आपल्या ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचे चित्र दिले.

याच हालचालीमुळे बायाएचा मोठा भाग समुद्राने गिळला. ज्या उष्णतेने नगराला वैभव दिले, तिच्याच पोटी त्याचा नाशही दडलेला होता. २००२ मध्ये तेथे सागरतळाशी पुरातत्त्वीय उद्यान स्थापन झाले. १९८२ ते १९८४ या काळात पोत्सुओलीची जमीन सुमारे १.८ मीटर वर उचलली गेली आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. २००५ पासून जमीन पुन्हा वर येऊ लागली. २० मे २०२४ रोजी तेथे ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला. धोक्याच्या क्षेत्रात सुमारे पाच लाख लोक राहतात. प्रवाशाला जे रम्य दृश्य वाटते, ते तेथील रहिवाशाचे घर असते, याचा आपल्याला विसर पडता कामा नये.

५. चित्रातील सत्य

टर्नरने नेपल्सचा परिसर प्रत्यक्ष पाहिला तो १८१९ मध्ये, म्हणजे पहिल्या चित्रानंतर सुमारे एकवीस वर्षांनी. १८२३ मध्ये त्याने बायाएच्या आखाताचे मोठे चित्र प्रदर्शित केले. आता त्याने जागा पाहिली होती. तरीही चित्र हुबेहूब नव्हते. जॉर्ज जोन्स या त्याच्या चित्रकार मित्राने, हे चित्र दिमाखात खोटे बोलते, अशा अर्थाचे लॅटिन शब्द चौकटीवर लिहिले, असे सांगतात. टर्नर रागावला नाही. त्याने ते शब्द तसेच राहू दिले.

याचा अर्थ चित्रकाराला वास्तवाची पर्वा नसते, असा नव्हे. खडक कोठे आणि किनारा कोठे, हे नकाशा सांगतो. त्या किनाऱ्याविषयी माणसांच्या मनात काय होते, हे चित्र सांगते. टर्नरच्या चित्रातून बायाएची मोजमापे मिळणार नाहीत. परंतु त्या काळच्या माणसांना इटलीची केवढी ओढ होती, हे त्यातून नेमके कळते. दोन्ही प्रकारचे सत्य आपल्याला हवे असते. मात्र एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून करू नये.

शब्दार्थ

उष्णोदक – गरम पाणी
व्याधिग्रस्त – रोगाने पीडित
विद्याव्यासंगी – अभ्यासाची आवड असणारा
धूसर – अस्पष्ट, अंधुक
उद्रेक – स्फोटासह बाहेर पडणे

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.
(अ) टर्नरचे पहिले चित्र ______ यांच्या रेखाटनावर आधारलेले होते.
(आ) मोंते नुओवो हा डोंगर ______ मध्ये तयार झाला.
(इ) टर्नरने नेपल्सचा परिसर प्रथम ______ मध्ये पाहिला.

पाठान्त प्रश्न

१. बायाएचे वैभव व विनाश यांचे मूळ एकच होते, हे स्पष्ट करा.
२. तीन संगमरवरी खांबांवरून कोणता निष्कर्ष निघतो?
३. ‘न पाहिलेल्या स्थळाचे चित्र खरे असू शकते.’ तुमचे मत सकारण लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या दृश्याचे अग्रभाग, मध्यभाग व पार्श्वभूमी या क्रमाने दहा ओळींत वर्णन करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) सर रिचर्ड कोल्ट होर (आ) १५३८ (इ) १८१९