गोधडी आणि मनाची जमा बाजू

बैठकीत वाचायचा पाठ. वेळ पाऊण तास. सोबत आणा : घरातल्या जुन्या सुती कपड्याचा एक तुकडा, सुई आणि दोरा.



गटाची वही आपल्या ओळखीची आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. दर बैठकीला सचिवताई दोन्ही बाजू वाचून दाखवतात. एखाद्या महिन्यात त्यांनी नुसता खर्च आणि थकबाकी वाचली नि वही मिटली, तर आपण गप्प बसू का? लगेच कुणीतरी म्हणेल, "अहो ताई, जमेचं काय? हिशोब अर्धाच झाला की!"

मनाची वही मात्र आपण रोज अशीच अर्धी वाचतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काय काय आठवतं? कांद्याचा भाव पडला. जाऊबाई टोचून बोलल्या. धाकट्याची फी भरायची राहिली. उद्या पाण्याचा नंबर पहाटे चारला. हे सगळं खरंच आहे, खोटं काही नाही. पण तेवढंच खरं आहे असंही नाही. जमेची बाजू कोरी दिसते, कारण ती आपण लिहीतच नाही.

या महिन्याचा पाठ त्या जमेच्या बाजूचा आहे. आणि तो शिकायला आपल्याकडे घरातच एक चांगली शिक्षिका आहे : गोधडी.

गोधडी कशी होते?

कुणाकडे गोधडी म्हणतात, कुणाकडे वाकळ. शेजारी कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. नावं निराळी, पण रीत एकच. जुनं कापड फेकायचं नाही, थरावर थर लावून धावदोऱ्याने एकजीव करायचं.

सुगी आटोपली, उन्हं तापायला लागली की हे काम निघतं. कापड वापरून मऊ झालेलं, सुती घ्यायचं. नवं कापड कडक असतं, त्यातून सुई काढताना बोटं दुखतात. नायलॉनची साडी दिसायला झकास, पण तिचे थर सरकतात आणि ती घाम टिपत नाही. कापड आधी धुऊन कडक उन्हात वाळवायचं, शिवणी उसवायच्या, गुंड्या काढून डबीत ठेवायच्या.

नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचा चौपदरी थर होतो. एका माणसाच्या गोधडीचं पोट तेवढ्यात भरतं. खाली एक धड अस्तर, मधे हे थर, वर रंगीत तुकड्यांची जुळणी. सगळं ओसरीवर अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या आणि लांब लांब कच्चे टाके घालायचे. मग काठाने टाक्यांची पहिली फेरी. बोटभर अंतर सोडून आत दुसरी. असं फिरत फिरत शेवटी मधोमध यायचं. मधूनच सुरुवात केली तर कापड कडेला गोळा होतं नि गोधडीला झोळ येतो.

आता एक गोष्ट नीट बघा. विरलेलं, रंग उडालेलं कापड आपण आत घालतो. ते दिसत नाही, पण ऊब त्याचीच असते. पण कुजलेलं, हात लावला की टरकन फाटणारं कापड? ते कुठंच जात नाही. ते टाका धरत नाही. जाणती बाई ते बाजूला काढते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकेक तुकडा, एकेक माणूस

घरातली एखादी जुनी गोधडी उजेडात पसरा आणि तुकडे ओळखायला लागा. हा हिरवा तुकडा सासूबाईंच्या इरकलीचा. हे पांढरं अस्तर मामंजींच्या धोतराचं. हा खण माहेरहून आला होता, पहिल्या दिवाळीला. हा निळा तुकडा लेकीच्या शाळेच्या फ्रॉकचा, ती आता नर्सिंग शिकते. पुष्कळ घरांत आई गेल्यावर तिच्या लुगड्यांची गोधडी करतात आणि लेकी ती वाटून घेतात. त्या गोधडीला बाजारात काही भाव येणार नाही. तरी ती कुणी विकत नाही.

तुकड्याच्या मागे आणखी चालत गेलात तर कितीतरी हात सापडतील. तो कापूस विदर्भात नाहीतर मराठवाड्यात कुणा बाईने उन्हात वाकून वेचला असेल. इचलकरंजीच्या, मालेगावच्या मागावर रात्रपाळीच्या कामगाराने कापड विणलं असेल. त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत, पण त्यांची मेहनत आपल्या अंगावर आहे.

कृतज्ञता म्हणतात ती हीच. "देवाच्या दयेने सगळं बरं आहे" एवढं म्हटलं की मनाला फारसं काही लागत नाही. कुणी, काय, कधी दिलं हे नेमकं आठवलं की लागतं. गटाच्या वहीत आपण "बरेच पैसे जमा" असं लिहीत नाही ना? नाव लिहितो, रक्कम लिहितो, तारीख लिहितो. मनाच्या वहीतही तसंच लिहा. "परवा ताप आला तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन्ही वेळचं पिठलं-भाकरी पाठवलं." ही झाली नोंद.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं

पहाटे जात्यावर बसलेली बाई ओव्या मोजत मोजत म्हणायची. पहिली देवाला, मग आईबापाला, भावाला, गावाला. एकेकाचं नाव घेऊन दळण सरायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून जपल्या आहेत. त्यांत माहेरच्या माणसांची माया आहे आणि सासुरवासाचं दुःखही आहे. आपल्या आज्यांनी दुःख झाकून नुसते गोडवे गायले नाहीत. वहीच्या दोन्ही बाजू त्यांनी एकाच जात्यावर मांडल्या.

अभ्यासकांनीही ही गोष्ट तपासून पाहिली आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभार वाटतात अशा पाचेक गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या काहींना त्रासाच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटू लागलं. त्यांना पैसे मिळाले नव्हते की कुणाची परिस्थिती पालटली नव्हती. नोंद ठेवली, एवढंच.

जातं आता घरातून गेलं, दळण गिरणीत जातं. पण सुई अजून हातात आहे. दुपारी ओसरीवर दोन-चार फेऱ्या घालताना हात आपोआप चालतो, श्वास संथ होतो नि मन मोकळं असतं. ते मन तक्रारीच्या मागे धावणारच. त्याला हलकेच परत तुकड्यावर आणा. एक फेरी, एक नाव.

समाधान म्हणजे सोसणं नव्हे

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. "आहे त्यात समाधान मान" हे वाक्य बायकांना किती वेळा ऐकवलं जातं, हे तुम्हाला सांगायला नको. नवरा मारतो, समाधान मान. सातबाऱ्यावर नाव नाही, समाधान मान. मजुरी पुरुषापेक्षा कमी, तरी समाधान मान. सख्यांनो, हे समाधान नाही. हे कुजलेलं कापड आहे. वरून कितीही सुंदर ठिगळ लावा, ते टाका धरणार नाही आणि शेजारचं चांगलं कापडही ओढून फाडेल.

म्हणून दोन ढीग करा. पहिल्या ढिगात विरलेल्या गोष्टी : वय झालं, पाऊस लहरी झाला, घर लहान आहे, लेक लांब दिली. या गोष्टींसह जगता येतं, त्यांतूनही ऊब काढता येते. दुसऱ्या ढिगात कुजलेल्या गोष्टी : मारहाण, फसवणूक, हक्काचं नाकारणं, दारूपायी घराची राखरांगोळी. या गोधडीत घालायच्या नाहीत. त्या बैठकीत आणायच्या, ग्रामसंघात मांडायच्या. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आपल्या बाजूने आहे आणि १८१ ही महिला हेल्पलाइन मोफत आहे. जमा बाजू लिहिणारी बाई थकबाकी मागायला घाबरत नाही. उलट आपल्यामागे कोण कोण उभं आहे हे तिला माहीत असतं.

आणखी एक. महिनोन् महिने झोप नाही, रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, असं एखादीचं असेल तर "गोधडी शिव, बरं वाटेल" एवढ्यावर तिची बोळवण करू नका. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आरोग्य केंद्रात न्या, किंवा १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर तिला मराठीत बोलता येईल. तिच्या शेजारी बसा.

जमेत स्वतःचं नाव

गोधडीतले सगळ्यांचे तुकडे ओळखून झाले. आता एक प्रश्न : ती शिवली कुणी? बहुतेक घरांत याचं उत्तर येतं, "शिवली असेल आईनं, नाहीतर आजीनं, रिकाम्या वेळात." त्या बायांना रिकामा वेळ कधी होता?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास रोज. ते कुठल्याच वहीत जमा होत नाहीत. दुसऱ्यांचे आभार मानणारी बाई स्वतःचे हे पाच तास विसरली, तर तिचा हिशोब पुन्हा अर्धाच राहतो.

म्हणून रोजच्या नोंदीत एक ओळ स्वतःसाठी ठेवा. "आज मी दोन तास निंदण केलं, सासूबाईंचे पाय चोळले, बैठकीत पहिल्यांदा उभी राहून बोलले." यात कसलाही गर्व नाही. जे झालं ते लिहिलं.

आणि गोधड्या विकायचा विचार असेल तर हे गणित आणखीच महत्त्वाचं. समजा, रोज दुपारी दोन तास असं महिनाभर शिवलं, तर ६० तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी. तुमच्या गावच्या मजुरीच्या दराने गुणा, त्यात दोरा, अस्तर, धुण्याचा साबण आणि गाडीभाडं मिळवा. त्याच्याखाली भाव उतरवायचा नाही. "जुन्याच चिंध्या ना?" असं गिऱ्हाईक म्हणेल. त्याला टाके दाखवा. चिंध्या जुन्या आहेत, टाके आपले आहेत.

बैठकीत करून बघा

१. सगळ्यांनी आणलेले तुकडे मधे ठेवा. एकेकीने आपला तुकडा उचलून तो कुणाचा आणि त्या माणसाने आपल्याला काय दिलं, हे दोन वाक्यांत सांगावं. रडू आलं तर येऊ द्या, घाई करू नका.

२. ते तुकडे जोडून गटाची एक लहान गोधडी सुरू करा. दर बैठकीला प्रत्येकीने काही टाके घालायचे. पुरी झाली की गटातल्या नाहीतर गावातल्या पुढच्या बाळंतिणीला दुपटं म्हणून द्यायची.

३. चर्चा करा : आपल्या गावात "समाधान मान" असं बायकांना कुठल्या बाबतीत सांगतात? त्यातलं विरलेलं कोणतं आणि कुजलेलं कोणतं? कुजलेल्यातली एक गोष्ट निवडा आणि ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीच्या विषयांत घाला.

घरी करायचं, सात दिवस

रोज रात्री तीन ओळी. एक : आज मला कुणी काय दिलं. दोन : आज मी काय केलं. तीन : उद्या कुणाला तोंडावर "बरं झालं तू होतीस" म्हणायचं आहे. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातवाला सांगून लिहून घ्या. त्या निमित्ताने त्यांनाही कळेल की घर कुणाकुणाच्या हातांवर उभं आहे. तिसरी ओळ मनातच ठेवू नका. सासूबाईंना, जावेला, वेळेवर हप्ता भरून गटाची पत राखणाऱ्या मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी तसं खरंच म्हणा.

पुढच्या बैठकीला या तीन ओळींतली एक ओळ प्रत्येकीने वाचायची आहे. सचिवताईंना विनंती : हजेरी आणि बचत झाल्यावर त्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा. आणि जमा बाजू आधी वाचा.