गावचे सूर आणि मुलांची रचना
(सर्जनशील संगीताच्या कार्यशाळेचा एक पाठ : इयत्ता 5 वी ते 7 वी)

प्राथमिक शाळेतील संगीत म्हणजे परिपाठातील प्रार्थना, राष्ट्रगीत व स्नेहसंमेलनासाठी बसविलेले समूहगीत, अशी समजूत सर्वत्र आढळते. या तिन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु तिन्हींत मूल दुसऱ्याने रचलेले तेच म्हणत असते. चित्रकलेच्या तासाला ते स्वतःचे चित्र काढते, निबंधाच्या तासाला स्वतःची वाक्ये लिहिते; संगीताच्या तासाला मात्र स्वतःचे असे काही करण्याची संधी त्यास क्वचितच मिळते. ही उणीव दूर करणे हा सर्जनशील संगीताच्या कार्यशाळेचा हेतू होय. त्यासाठी शिक्षक गायक असावा लागत नाही, व शाळेत महागडी वाद्येही असावी लागत नाहीत.

पूर्वपीठिका

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वरलेखन व क्रमिक पुस्तके सिद्ध केली. या दोघांच्या परिश्रमांमुळे घराण्यांत बंदिस्त असलेली विद्या सामान्य विद्यार्थ्यास खुली झाली. मुलाने स्वतः रचना करावी, हा विचार पुढे निरनिराळ्या देशांत वाढला. जर्मनीतील म्यूनिक शहरी 1924 साली डोरोथी ग्युंथर व संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी शाळा काढली. तीत बोलणे, हालचाल आणि वादन यांची सांगड घालण्यात आली. ऑर्फ यांच्या पद्धतीत मुलांना आरंभी पाचच स्वर देतात. आपल्या भूप रागाचे सा, रे, ग, प, ध हे तसेच पाच स्वर आहेत. यांतील कोणतेही स्वर एकत्र वाजले तरी ते कानास फारसे खटकत नाहीत. त्यामुळे नवशिक्या मुलास चुकण्याचे भय उरत नाही.

साधने परिसरातून घ्यावीत, हे तत्त्व तर महाराष्ट्राच्या घरचेच आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे सुरू केलेले आणि 1957 साली कोसबाड येथे नेलेले बालशिक्षणाचे कार्य शिक्षकांस परिचित आहे. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, बिया व पाने तेथे शिक्षणाची साधने झाली. तसेच कुमार गंधर्व यांनी देवास येथे वास्तव्य असता माळव्यातील लोकधुना लक्षपूर्वक ऐकल्या व त्यांतून नवे राग सिद्ध केले. लोकधुनेतून नवी रचना उगवू शकते, याचे याहून मोठे उदाहरण शोधावयास नको.

सीवूड्सचा परिसर

प्रस्तुत पाठ नवी मुंबईतील सीवूड्स हा परिसर डोळ्यांपुढे ठेवून मांडला आहे. येथील रेल्वे स्थानकाच्या नावात दारावे या गावाचे नाव आहे. दारावे व करावे ही आगरी-कोळी वस्तीची जुनी गावे. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी हे या किनारपट्टीचे परंपरागत व्यवसाय होते. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, शेतजमिनींवर शहर उभे राहिले, आणि शेत गेले तसा भातलावणीची गाणी म्हणण्याचा प्रसंगही गेला. लग्नविधीतील 'धवले' मात्र आगरी समाजात आजही ऐकू येतात. ते गाणाऱ्या व विधी चालविणाऱ्या स्त्रीस धवलारीण म्हणतात. हे धवले लिहून ठेवण्याची रीत नव्हती; ऐकून पाठ करणारी नवी मुलगी न मिळाल्यास ते गाणाऱ्या वृद्धेबरोबरच नाहीसे व्हावयाचे.

तथापि त्याच घरातील मूल शाळेत आल्यावर आजीच्या गाण्याविषयी संकोचाने गप्प राहते. आगरी बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' व 'ण'च्या जागी 'न' येतो, आणि वर्गात तो अशुद्ध ठरविला जातो. ग्रंथात ज्यास 'धवळे' म्हणतात तेच बोलीतील 'धवले' होत. महानुभाव पंथातील महदंबा हिचे धवळे तेराव्या शतकातील असून ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. एवढी दीर्घ परंपरा मुलाच्या घरी नांदत आहे, हे प्रथम शिक्षकाने जाणावे.

पाठाची मांडणी (40 मिनिटांच्या चार तासिका)

पहिली तासिका : ऐकणे. मुलांनी डोळे मिटून दोन मिनिटे स्वस्थ बसावे व ऐकलेले आवाज नंतर वहीत लिहावेत. सीवूड्समध्ये लोकलचा खडखडाट, कावळे, कुकरची शिटी, फेरीवाल्याची आरोळी असे आवाज येतील. हंगामात पाणथळीवर उतरलेल्या रोहित पक्ष्यांचा कलकलाटही कोणी सांगेल. खेड्यात गुरांच्या घंटा, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी असेल. मग फळ्यावर वर्गीकरण करावे : सलग व तुटक, उंच व खालचा, वाढणारा व विरणारा.

दुसरी तासिका : साधने. करवंट्या, बांबूचे तुकडे, तांदूळ भरलेले डबे व पाच सारखे काचेचे पेले जमवावेत. पेल्यांत कमीअधिक पाणी घालून काठावर लाकडी काडीने हलकेच आघात करावा. पाणी वाढविले की स्वर खाली उतरतो, कारण कंप पावणाऱ्या काचेवर पाण्याचा भार पडतो. उलट, बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता पाणी वाढविल्याने स्वर चढतो. तेथे वरची हवा कंप पावते आणि हवेचा स्तंभ आखूड होतो. हा भेद मुलांनी स्वतः शोधावा. शिक्षकाने आधी सांगू नये. अखेरीस पेले पाच स्वरांत मिळवून घ्यावेत.

तिसरी तासिका : गावचे गाणे. एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीस किंवा धवलारणीस आदराने पाचारण करावे. कोणते गाणे मुलांपुढे म्हणावे हे तिनेच ठरवावे. विधीचे गाणे नको म्हटल्यास आग्रह धरू नये. प्रथम केवळ ऐकावे, दुसऱ्या वेळी टाळीने ठेका धरावा, तिसऱ्या वेळी सोबत गुणगुणावे. शब्दांचे उच्चार सुधारू नयेत. ध्वनिमुद्रण करावयाचे तर आधी तिची परवानगी घ्यावी.

चौथी तासिका : रचना. सहा ते आठ मुलांचे गट करून 'भरती-ओहोटी' हा विषय द्यावा. नियम थोडेच असावेत : रचना दोन मिनिटांची असावी, तीस आरंभ, मध्य व शेवट असावा, एके ठिकाणी तरी सर्वांनी थांबावे, ऐकलेल्या गाण्याचा ठेका अथवा सुरावट कोठेतरी बदलून वापरावी, प्रत्येकास काही काम असावे. गटाने ठिपके, रेघा व वळणे अशा स्वतःच्या खुणांनी रचना कागदावर उतरवावी. एकदा वाजवून झाल्यावर इतर गटांनी काय ऐकू आले ते सांगावे. मग रचनेत बदल करून ती पुन्हा वाजवावी.

शिक्षकांस सूचना

आरंभी गोंगाट होईल. तो थांबविण्यासाठी हात वर करण्याची एकच खूण ठरवावी. ओरडून थांबविल्यास ऐकण्याची सवय मोडते. शिक्षकाने स्वतः चाल सुचवू नये, अन्यथा सर्व गटांच्या रचना एकसारख्या होतात. गावातील मुलास गाणे ठाऊक असते, तर इमारतीत नव्याने राहावयास आलेल्या मुलास ते नवे असते. म्हणून गट मिश्र करावेत. एरवी मागे बसणारे मूल येथे इतरांस शिकवू शकते, ही या पाठाची मोठी जमेची बाजू होय.

मूल्यमापन गळ्याच्या गोडव्यावर करू नये. गटास तीच रचना दुसऱ्यांदा वाजविता आली काय, मूल आपली पाळी येईतो दुसऱ्याचे ऐकत होते काय, केलेल्या बदलाचे कारण त्यास सांगता आले काय, एवढेच पाहावे.

अन्य गावांतील शिक्षकांनी धवल्यांच्या जागी जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी किंवा आपल्या भागातील जे गीत असेल ते घ्यावे. शाळेत एक वही ठेवून तीत गाणे, प्रसंग, गाव, तारीख व संमती असल्यास गाणारीचे नाव नोंदवावे. पुढील वर्षाच्या वर्गास त्या वहीतूनच पाठाचा आरंभ करता येईल.