मुतखडा : आधी आकार, मग खर्च

सिंधुदुर्गातल्या मिठबावात कुणाच्या कुशीत कळ उठली की घरात दोन तट पडतात : एक कुळथाच्या पाण्याचा, दुसरा गाडी काढून थेट कोल्हापूरचा. दोघांनीही आधी सोनोग्राफी करावी. खासगीत तिला साधारण हजार-दीड हजार लागतात, पण पुढचा खर्च ठरतो तो खड्याचा आकार आणि जागा पाहूनच.

५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे चार-सहा आठवड्यांत आपोआप पडतात. त्यासाठी लागतं पाणी आणि डायक्लोफेनॅकसारखं स्वस्त वेदनाशामक (किडनीचा जुना आजार असेल तर तेही डॉक्टरांना विचारून). आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ऑगस्ट २०२३ पासून तपासणी नि औषधं मोफत आहेत.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, रुग्ण गरोदर असेल किंवा किडनी एकच असेल, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, १०८ बोलवा.

खडा मोठा असेल तर सीटी स्कॅनचे तीन-पाच हजार वाचवू नका. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसरने खडा फोडायला खासगीत ढोबळमानाने ४० ते ८० हजार लागतात. २ सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी बहुधा पाठीतून छिद्र पाडतात, तिथे लाखाची तयारी ठेवा. या आकड्यांत बऱ्याचदा न सांगितलेली एक बाब असते : आत तात्पुरती ठेवलेली नळी, म्हणजे स्टेंट. तो काढण्याचे पैसे वेगळे का, आणि कधी काढणार, हे दाखल होण्याआधीच विचारा. महिनोन्‌महिने विसरलेल्या स्टेंटवरच खडे धरतात आणि दुसरी शस्त्रक्रिया गळ्यात पडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. फक्त रुग्णालय योजनेत असायला हवं आणि शस्त्रक्रियेआधी मंजुरी हवी. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा, किंवा घरूनच १५५३८८ वर विचारा.

राहिला कुळीथ. पिठी आवडीने खा, पण नेहमीचा कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा तिने विरघळतो याला भक्कम पुरावा नाही. औषधाने विरघळतो तो युरिक आम्लाचा. आपला कुठला, हे कळण्यासाठी लघवी गाळणीतून करा आणि पडलेला खडा तपासायला द्या. दूध सोडायचं कारण नाही. कमी करायचं ते मीठ, म्हणजे पापड, लोणचं आणि खारवलेला बांगडा. आणि मे महिन्यात आंबे काढायला बागेत जाणाऱ्याने पाण्याची बाटली झाडाखाली विसरू नये. लघवी फिकट होईपर्यंत पाणी प्यावं.