गाडी उभी, पण रेस जास्त

गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे. पाय पेडलवर नाही. तरी इंजिन जोरात का घरघरते? जुन्या, कार्बुरेटरच्या पेट्रोल गाडीचे आपण पाहू.

थंड इंजिन आधी थोडे जोरात चालते. तो बिघाड नव्हे. तापल्यावर ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते.

रेस उतरलीच नाही, तर इंजिन बंद करून चोक पाहावा. पुष्कळदा तो ओढलेलाच असतो, अन् आपण मिस्त्रीला शोधत हिंडतो!

मग पेडलची केबल पाहावी. ती अडकली, तर पाय काढला तरी गाडी धावतच राहते. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

रबरी नळीला तडा गेला, तर तिथून जादा हवा आत शिरते. चालू इंजिनात ‘सूं’ असा आवाज येतो. कान द्यावा, पण पंख्याजवळ हात, उपरणे नेऊ नये.

स्क्रू शेवटी फिरवावा. आधीच फिरवला, तर रेस उतरते, पण तडा तसाच राहतो.